गाव चार भाषांचं, रकाना मातृभाषेचा एकच

जयसिंगपूर तसं नवं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं ते वसवलं. रस्ते आधी आखले, घरं नंतर आली, म्हणून इथला पत्ता आजही गल्ली नंबरानं सांगतात. रेल्वे मात्र गावाच्याही आधीची. 1891 मध्ये मिरज-कोल्हापूर लाईन सुरू झाली, तेव्हा इथल्या स्टेशनाचं नाव शिरोळ रोड होतं.

स्टेशन आलं तशी पेठ आली. तंबाखूचा व्यापार, मग ऊस, आणि त्यामागं मारवाडी, गुजराती, जैन, लिंगायत, मुसलमान अशी सगळीच माणसं. शिरोळ तालुक्याला लागूनच बेळगाव जिल्हा. 1956 पर्यंत तो मुंबई राज्यातच होता, म्हणून कानडी ही इथं परक्यांची भाषा कधीच नव्हती. जैन शेतकऱ्यांच्या कितीतरी घरांत ती आजही बोलतात.

आपल्या घरांचं काय? आपण दारात मराठी बोलतो आणि उंबरा ओलांडला की दख्खनी. "मेरेकू नको", "कैकू गया रे?" असं बोलणारी अम्मी उर्दूच बोलते असं आपण सांगतो, पण हा "नको" मराठीचाच. दख्खनीनं तो कधीचाच आपलासा केलाय. उलट, शाळेत शिकलेली उर्दू घरात बोलणारे आपल्यात थोडेच. जुन्या पिढीला बाजारापुरती कानडीही यायची. पोरांना ती येत नाही, कारण शाळा मराठी, उर्दू किंवा इंग्रजी. आमच्या मते हे नुकसानच आहे. व्यापार करणाऱ्याला तर नक्कीच.

हे सगळं आता सांगायचं कारण 2027 ची जनगणना. 2011 च्या अर्जात मातृभाषेचा एक रकाना होता आणि येणाऱ्या इतर भाषांसाठी फक्त दोन जागा. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आईनं आपल्याशी जी भाषा बोलली ती. धर्माची भाषा नव्हे, शाळेची नव्हे, राज्याचीही नव्हे. गणना करणाऱ्यानं आपण सांगू तेच लिहायचं असतं.

प्रत्यक्षात काय होतं? नाव मुसलमानाचं दिसलं की काही वेळा न विचारताच "उर्दू" पडतं. आपणही गप्प बसतो, कारण दख्खनीला आपणच "अशुद्ध" म्हणत आलोय. ज्यांच्या घरात खरंच उर्दू आहे त्यांनी उर्दू सांगावी, मराठी असेल त्यांनी मराठी. कोकणातल्या आपल्या भाईबंदांच्या घरी कोकणी असते, त्यांनी ती सांगावी. पण अम्मी दख्खनी बोलत असेल तर दख्खनीच सांगा. पुढं सरकारनं ती कुठल्या गटात घातली तरी आपण सांगितलेलं नाव आधी नोंदलं जायला हवं. दहा हजारांपेक्षा कमी लोकांनी सांगितलेल्या भाषेचा आकडा वेगळा छापतच नाहीत, हेही लक्षात असू द्या.

उरलेल्या दोन जागांत मराठी पहिली, याबद्दल जयसिंगपुरात वाद होणार नाही. दुसऱ्या जागेवर सवयीनं हिंदी सांगितली जाते. घरात कानडी जाणणारे नाना-नानी असतील तर त्यांच्या नावापुढं काय लिहायचं, ते आधी त्यांनाच विचारा. प्रत्येक माणसाची नोंद वेगळी असते. घरातल्या कर्त्यानं सगळ्यांसाठी एकच उत्तर द्यायचं कारण नाही.