भंगारासाठी भारताकडे निघालेली ‘मुरमान्स्क’ नॉर्वेत अडकली, शेवटचं बिल कुणी भरलं?

डिसेंबर १९९४. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, सोरोया बेटावर सोर्वेर नावाचं मच्छीमारांचं छोटं गाव आहे. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही. नाताळच्या तोंडावर वादळ झालं आणि गावाशेजारच्या खडकांवर दोनशे मीटरहून लांब अशी एक युद्धनौका येऊन बसली. ती होती सोव्हिएत नौदलाची जुनी हलकी क्रूझर ‘मुरमान्स्क’. भारतात तोडण्यासाठी विकलेली ही नौका ओढून नेत असताना दोर तुटला होता.

नौका कशी होती?

दुसऱ्या महायुद्धानंतर स्टालिनने मोठं नौदल उभारायला घेतलं. त्यातूनच ‘स्वेर्दलोव’ वर्गाच्या क्रूझर आल्या. ‘हलकी’ हे नावापुरतंच. वजन १३ हजार टनांहून जास्त, चार मनोऱ्यांत प्रत्येकी तीन अशा १५२ मिलिमीटरच्या १२ तोफा, वेग ३२ नॉटच्या आसपास म्हणजे ताशी साधारण ६० किलोमीटर आणि हजाराहून अधिक खलाशी. ‘मुरमान्स्क’ पांढऱ्या समुद्राकाठी, आज सेवेरोद्विन्स्क म्हणतात त्या गावी बांधली गेली आणि १९५५ मध्ये उत्तर ताफ्यात दाखल झाली.

पण तोवर काळ बदलला होता. क्षेपणास्त्रांपुढे तोफांच्या मोठ्या नौका म्हणजे पांढरा हत्ती, असं ख्रुश्चेव्ह यांचं मत. त्यांनी पुढचं बांधकाम थांबवलं आणि या वर्गाच्या १४ नौकाच पूर्ण झाल्या. तरी झालेल्या नौका काही लगेच मोडीत निघाल्या नाहीत. ‘मुरमान्स्क’ने तीस वर्षांहून जास्त सेवा केली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला, तिजोरी रिकामी झाली आणि जुन्या नौका भंगाराच्या भावात निघाल्या.

दोर का तुटतो?

भंगारात निघालेल्या नौकेचं इंजिन बंद असतं. तिला स्वतःचं सुकाणू नसतं, वाऱ्याला आडवं अंग मात्र भरपूर असतं. पुढे टग आणि मागे हे हजारो टनांचं धूड. लाट आली की दोर सैल पडतो, लगेच पुढच्या क्षणी झटका बसून ताणला जातो. वादळात असे झटके किती सहन होणार? एकदा दोर तुटला की अंधारात, उसळत्या समुद्रात पुन्हा बांधणं जवळजवळ अशक्य.

गावाच्या दारात सांगाडा

नौका तिथेच राहिली. एक-दोन नव्हे, सतराहून जास्त वर्षं. लाटांनी पत्रा फाटत गेला. गावकऱ्यांचं पोट मासळीवर. आत तेल किती आहे, रंगात नि केबलमध्ये पीसीबीसारखी विषारी रसायनं आहेत का, जुन्या उपकरणांत किरणोत्सारी पदार्थ आहेत का, हे प्रश्न त्यांना सोडत नव्हते. मासळीला नुसता संशय चिकटला तरी गिऱ्हाईक पाठ फिरवतं, हे कोकण-गोव्याच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

शेवटी नॉर्वे सरकारने नौका हटवायचं ठरवलं आणि एएफ डेकॉम या कंपनीला काम दिलं. उघड्या समुद्रात तोडकाम धोक्याचं, म्हणून नौकेला तिथून हलवायच्या ऐवजी तिच्याभोवतीच गोदी बांधली. किनाऱ्यापासून दगडांचा भराव टाकत नेला, नौकेला बांधाने वेढलं, २०१२ मध्ये आतलं पाणी उपसलं आणि मग कोरड्यावर तिचे तुकडे केले.

हिशेब कुणाच्या नावावर?

वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवलं होतं की घसारा वजा जाता शेवटी उरतं ते भंगारमूल्य, आणि ते जमेच्या बाजूला लिहायचं. ‘मुरमान्स्क’च्या बाबतीत उलट झालं. नौका रशियाची होती, लोखंड भारतात यायचं होतं आणि साफसफाईचे कोट्यवधी क्रोनर भरले नॉर्वेच्या करदात्यांनी.

आपल्याकडेही हे घडलंय. जून २००० मध्ये गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलेली ‘रिव्हर प्रिन्सेस’ दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच गंजत होती. अशा प्रकरणांसाठी नैरोबीत २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१५ पासून लागू आहे आणि भारतही त्यात आहे. अपघातग्रस्त जहाज हटवायची जबाबदारी मालकाची, आणि ३०० टन किंवा त्याहून मोठ्या जहाजाला त्यासाठी विमा सक्तीचा, असं तो करार सांगतो. सरकारी सेवेतल्या युद्धनौका मात्र सर्वसाधारणपणे त्यातून वगळलेल्या आहेत.

म्हणून भंगाराच्या सौद्यात लोखंडाचा भाव ठरवताना आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते: वाटेत दोर तुटला तर पैसे कोण भरणार? ते कागदावर नसेल, तर नौका ज्या गावाच्या दारात येऊन बसते त्या गावाला भोगावं लागतं.