टाकीतली वीज

बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत एक प्रयोग वर्षानुवर्षे चालत आला आहे. अमोनियम मेटाव्हॅनेडेट नावाची पांढरट पूड सौम्य गंधकाम्लात विरघळवायची, की पिवळे द्रावण तयार होते. त्यात जस्ताचे तुकडे टाकून ते हलवत राहायचे. पिवळा आधी हिरवट होतो, पण तो हिरवा खरा नव्हे. पिवळ्यात निळा मिसळू लागल्याने तसा दिसतो. मग स्वच्छ निळा, त्यानंतर खरा हिरवा, आणि धीर धरला तर शेवटी जांभळा. धातू एकच, व्हॅनेडियम. प्रत्येक रंगात त्याच्या अणूने गमावलेले इलेक्ट्रॉन मात्र वेगळे: पिवळ्यात पाच, निळ्यात चार, हिरव्यात तीन, जांभळ्यात दोन. मुले जर्नलमध्ये चार ओळी लिहितात, सरांची सही घेतात आणि विषय संपतो.

या चार रंगांवर आज जगातल्या काही अवाढव्य बॅटऱ्या चालतात. दिवसा सौरपॅनेलांवर जमलेली वीज रात्रीसाठी त्या धरून ठेवतात. ही बॅटरी १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जन्मली.

नेहमीच्या बॅटरीत, मग ती इन्व्हर्टरची शिशाची असो की मोबाइलमधली लिथियमची, वीज साठते ती आतल्या पट्ट्यांत. जास्त साठवायची तर आणखी बॅटऱ्या घ्याव्या लागतात. या बॅटरीत, म्हणजे प्रवाही बॅटरीत, वीज साठते द्रावणात, आणि द्रावण असते बाहेरच्या दोन टाक्यांत. मध्ये सेलचा स्टॅक. पंप दोन्ही टाक्यांतले द्रावण स्टॅकमधून फिरवतो. स्टॅकमध्ये कार्बनच्या नमद्याचे इलेक्ट्रोड असतात आणि दोन द्रावणांमध्ये एक पातळ पडदा. चार्जिंगच्या वेळी एका टाकीतला निळा पिवळा होत जातो, दुसरीतला हिरवा जांभळा. वीज काढू लागलो की रंग उलटे फिरतात.

आपल्याकडे याचा थोरला भाऊ आहेच. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातले पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. टाटांच्या भिऱ्यालाही असा १५० मेगावॉटचा संच आहे. दोन साठे आणि मध्ये यंत्र, रचना तीच. यंत्र केवढे यावर एका वेळी किती वीज मिळेल ते ठरते आणि साठा केवढा यावर किती तास मिळेल ते. हे दोन्ही स्वतंत्रपणे ठरवता येणे हा मोठा गुण आहे. फरक इतकाच, की घाटघरला सह्याद्रीचा कडा लागतो आणि प्रवाही बॅटरी लातूरच्या सपाट माळावरही बसते.

प्रवाही बॅटरीची मूळ कल्पना मात्र सिडनीची नव्हे. १९७०च्या दशकात तेलाच्या भावाने अमेरिकेची झोप उडवली तेव्हा नासाच्या क्लीव्हलँड इथल्या लुईस संशोधन केंद्रात लॉरेन्स थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाही बॅटरीवर काम केले. एका टाकीत लोखंड, दुसरीत क्रोमियम. दोन्ही धातू स्वस्त आणि मुबलक. अडचण पडद्याने केली. पूर्णपणे अडवणारा पडदा अजून कोणी बनवलेला नाही. थोडे लोखंड तिकडे, थोडे क्रोमियम इकडे झिरपतच राहते. महिन्यामागून महिना दोन्ही द्रावणे एकमेकांना बाटवतात आणि बॅटरीची ताकद उतरते. मग ती शुद्ध करत बसा.

सिडनीच्या मारिया स्किलास-काझाकोस यांनी या भांडणाचे मूळच काढून टाकले. दोन्ही बाजूंना एकच धातू ठेवला, तर झिरपले तरी झिरपेल काय? तोच धातू. थोडा चार्ज वाया जाईल, पण द्रावण नासणार नाही. दोन्ही टाक्या एकमेकींत मिसळून पुन्हा चार्ज केल्या की गाडी रुळावर. त्यासाठी चार वेगवेगळ्या अवस्थांत सुखाने राहणारा धातू हवा होता. व्हॅनेडियम तसा आहे.

मारियाबाई मूळच्या ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरच्या. १९५१चा जन्म, लहानपणीच कुटुंबाबरोबर ऑस्ट्रेलियात आल्या. पदवी आणि पीएच.डी. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातूनच. मग काही काळ अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये काम केले आणि परत येऊन आपल्याच विद्यापीठात शिकवू लागल्या. पती मायकेल काझाकोस याच प्रकल्पात त्यांच्याबरोबर होते. पहिले शोधनिबंध १९८५चे आणि पेटंटचा अर्ज १९८६चा. पेटंटवर त्यांच्याबरोबर मिरॉन रिचिक आणि रॉबर्ट रॉबिन्स यांची नावे आहेत.

व्हॅनेडियम वापरता येईल असे आधीही काही जणांनी कागदावर मांडले होते. गाडी अडली होती ती विरघळण्यावर. सर्वांत चार्ज झालेला पिवळा व्हॅनेडियम म्हणजे पेंटॉक्साइडची पूड आम्लात टाकली, तर अगदी थोडी विरघळते. एवढ्या पातळ द्रावणात वीज साठवायची तर टाकी तळ्याएवढी लागेल. सिडनीच्या गटाने उलट्या बाजूने सुरुवात केली. चांगले विरघळणारे निळे व्हॅनेडिल सल्फेट घेतले, त्याचे दाट द्रावण केले आणि सेलमध्येच वीज देऊन त्याला पिवळ्या अवस्थेत नेले. खाली बसायला हवे होते ते पिवळे तसेच द्रावणात राहिले, कल्पनेपेक्षा कितीतरी दाट. सगळा शोध या एका निरीक्षणावर उभा आहे, आणि मला तो म्हणूनच आवडतो. यात नवे मूलद्रव्य नाही, चमत्कारी पदार्थ नाही. एका हट्टी रसायनाला दुसऱ्या दाराने आत आणले एवढेच. पुढे व्हॅनेडिल सल्फेट महाग पडते म्हणून स्वस्त पेंटॉक्साइडपासूनच द्रावण करण्याच्या पद्धतीही याच प्रयोगशाळेने बसवल्या.

या धातूच्या नशिबी आधीही उपेक्षाच होती. मेक्सिकोत आन्द्रेस मान्वेल देल रिओ यांनी तो १८०१ मध्ये शोधला. एका फ्रेंच रसायनज्ञाने ‘हे तर क्रोमियमच’ असा निर्वाळा दिला आणि देल रिओंनी दावा मागे घेतला. १८३० मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रोम यांनी तो नव्याने शोधला तेव्हा कुठे त्याला जागा मिळाली. आज जगातला बहुतेक व्हॅनेडियम पोलाद मजबूत करण्यात जातो. बॅटरीच्या वाट्याला येतो तो उरलासुरला.

बॅटरी तयार होती, गिऱ्हाईक नव्हते. १९९०च्या दशकात विद्यापीठाने ती गोल्फच्या मैदानावरच्या गाडीत बसवून दाखवली. थायलंडमधल्या एका सौर घरातही लावली. जपानमध्ये काशिमा-किता वीज कंपनीने तिचा परवाना घेतला. कंपनीच्या भट्ट्यांत जळणाऱ्या जड इंधनाच्या राखेत व्हॅनेडियम असायचा, म्हणजे कच्चा माल दारातच. टास्मानियाजवळच्या किंग बेटावर २००३ मध्ये पवनचक्क्यांच्या जोडीला एक बॅटरी बसली. ती काही वर्षांत बंद पडली. तोवर सौरपॅनेले एवढी महाग होती, की साठवून ठेवावी इतकी जास्तीची सौरवीज कोणाकडेच नव्हती. २००६च्या सुमारास मूळ पेटंटची मुदत संपली. ज्याची वेळ यायला अजून दहा-पंधरा वर्षे होती त्याचा हक्क असा आधीच गेला.

वेळ आली ती पूर्वेकडे. २०१५ मध्ये होक्काइडो बेटावर सुमितोमो इलेक्ट्रिकने १५ मेगावॉटची, ६० मेगावॉट-तासांची बॅटरी उभारली. चीनमध्ये दालियानच्या रासायनिक भौतिकी संस्थेने हे तंत्र वर्षानुवर्षे घोटले, रोंगके पॉवर कंपनीने कारखाना काढला आणि २०२२ मध्ये दालियान शहरातच १०० मेगावॉट, ४०० मेगावॉट-तासांचे केंद्र ग्रिडला जोडले. म्हणजे एकदा भरले की चार लाख युनिट. २०२४च्या अखेरीस शिनजियांगमध्ये ७०० मेगावॉट-तासांचे केंद्र सुरू झाले.

यातही एक कडू गोष्ट आहे. २०११ मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने गंधकाम्लात हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळून नवे द्रावण केले. त्यात व्हॅनेडियम सुमारे ७० टक्के जास्त मावतो आणि ते उणे ५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. संशोधनाचा खर्च अमेरिकी करदात्याचा. तिथल्या एका लहान कंपनीला परवाना मिळाला, तिला घरचे भांडवल पुरेसे मिळाले नाही आणि तंत्र पुढे रोंगकेकडे गेले. २०२२ मध्ये यावरून अमेरिकेत बराच गदारोळ झाला. मला यात चोरीपेक्षा उदासीनता जास्त दिसते. शोध कुठे लागला याला महत्त्व आहेच. पण पडदा स्वस्त करणे, पंपाची गळती थांबवणे, हजारो सेल एकसारखे घडवणे ही कंटाळवाणी कामे वीस वर्षे जो करतो, वस्तू शेवटी त्याची होते. ऑस्ट्रेलियाने हे केले नाही, अमेरिकेनेही नाही.

आता उणी बाजू. ही बॅटरी जड आहे. एका लिटर द्रावणात साधारण २५ वॉट-तासच मावतात. घराघरांत पाण्यासाठी ठेवतात तो २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम भरून द्रावण घेतले, तर फार तर पाच युनिट. स्कूटरमध्ये, मोटारीत तिला जागा नाही. घातलेल्या शंभर युनिटांपैकी परत मिळतात ६५ ते ८०, कारण पंपही वीज खातात. लिथियमची बॅटरी यात सरस. जांभळ्या द्रावणाला हवा लागली तर त्याचा चार्ज उतरतो, म्हणून टाकीत वर नायट्रोजन भरावा लागतो. शिवाय व्हॅनेडियमचा भाव पोलादाच्या बाजारावर नाचतो; २०१८ मध्ये तो असा उसळला, की अनेक प्रकल्पांचे हिशेब कोलमडले. जमेची बाजू अशी, की द्रावण पाण्याचे असल्याने आग लागत नाही. वीस वर्षांनी स्टॅक झिजला, पडदा बदलावा लागला, तरी टाकीतला व्हॅनेडियम होता तसाच राहतो आणि काढून पुन्हा वापरता येतो. दोन-चार तासांच्या साठ्याला आज लिथियमच स्वस्त, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. आठ-दहा तास, रोज, वीस वर्षे असा हिशेब मांडला की व्हॅनेडियमचे बोलणे ऐकावे लागते.

भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये एनटीपीसीच्या ग्रेटर नोएडातल्या ‘नेत्रा’ संशोधन केंद्रात ३ मेगावॉट-तासांची व्हॅनेडियम बॅटरी सुरू झाली. तीन हजार युनिट म्हणजे पंचवीस-तीस घरांचा महिन्याचा वापर. दालियानपुढे हे चिमूटभर आहे, पण सुरुवात आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला अरुणाचल प्रदेशात व्हॅनेडियमचे खनिज आढळले आहे आणि बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढताना उरणाऱ्या गाळातही तो असतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर साठवणुकीआधी एक स्वस्त मार्ग आहे आणि तो आपण धरलाही आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर सौरविजेवर नेऊन शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची असे ठरले. रात्री दोनला पंप चालू करायला विंचवा-सापाच्या भीतीत शेतावर जाणे टळते आणि दुपारची वीज दुपारीच खपते. जी वीज साठवावीच लागत नाही तिच्याएवढी स्वस्त साठवण कुठल्याच बॅटरीत नाही. पण संध्याकाळी सातला गावातले दिवे, पुण्या-नागपुरातले एसी आणि कारखान्यांची पाळी एकदम लागते तेव्हा सूर्य नसतो. तिथे घाटघर लागेल आणि जिथे कडा नाही तिथे बॅटरी.

तिथेच आपला खरा प्रश्न उभा राहतो. सिडनीचे मूळ द्रावण ४० अंशांच्या वर गेले, की पूर्ण चार्ज झालेल्या पिवळ्यातून नारिंगी-तांबूस गाळ खाली बसू लागतो. तो नमद्यात, नळ्यांत अडकला की स्टॅक तुंबतो. सिडनी किंवा होक्काइडोला ही काळजी वर्षातले थोडेच दिवस. चंद्रपूर, अकोला, नागपूरला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि चार्जिंग-डिस्चार्जिंगची उष्णता त्यात आणखी भर घालते. टाकी थंड ठेवायला लागणारी वीज हिशेबात धरली, तर शंभरातले परत मिळणारे युनिट आणखी घटतात. आम्लांचे मिश्रण बदला, द्रावण स्थिर ठेवणारे पदार्थ मिसळा, टाक्या जमिनीखाली घ्या, उपाय बरेच सुचवले गेले आहेत. ते विदर्भात किती चालतात हे विदर्भातच कळेल. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्था अशा कामासाठीच आहेत. सरकारने त्यांना एका उन्हाळ्याचे नव्हे, सलग दहा वर्षांचे पैसे द्यावेत. त्यांनी अशी एक टाकी चंद्रपुरात एप्रिल ते जून पूर्ण भाराने चालवावी आणि द्रावणाचे तापमान, ते थंड ठेवायला गेलेली वीज आणि परत मिळालेले युनिट हे तिन्ही आकडे दर आठवड्याला जाहीर करावेत.