धोरणापासून दिनक्रमापर्यंत : सांताक्रूझची साक्ष

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने 1980 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम व जागतिक वन्यजीव निधी यांच्या सहकार्याने ‘जागतिक संरक्षण धोरण’ प्रसिद्ध केले, तेव्हापासून आजतागायत निसर्गरक्षणाच्या संकल्पांची वाण जगाला कधी पडलेली नाही; वाण पडत आली आहे ती त्या संकल्पांना अभियंत्याच्या, वनरक्षकाच्या आणि मुकादमाच्या रोजच्या कामात उतरविणाऱ्या व्यवस्थेची. कोणते काम, कोणत्या हद्दीत, कोणत्या मुदतीत, कोणाच्या हातून आणि कोणाच्या तपासणीखाली व्हावयाचे, याचा उल्लेख ज्या आराखड्यात नसतो, तो कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी दफ्तरातच पडून राहतो. मुंबईच्या उपनगरांचा, आणि त्यांतही सांताक्रूझचा, गेल्या तीन दशकांचा अनुभव याची साक्ष देतो.

26 जुलै 2005 रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत सांताक्रूझच्या वेधशाळेने 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्याच काळात कुलाब्यास अवघा 73 मिलिमीटर पाऊस झाला होता. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून, विमानतळाच्या धावपट्टीखालून वाट काढीत आणि वाकोला नाल्याचे पाणी सामावून घेत माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी त्या दिवशी आपल्या दोन्ही काठांवरील वस्त्यांत शिरली. पाऊस अपूर्व होता हे खरे. परंतु शहराची जलनिःसारण व्यवस्था अपुरी असल्याचे ज्ञान काही नवे नव्हते. ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली ही व्यवस्था ताशी 50 मिलिमीटरपर्यंत वाढवावी, अशी शिफारस ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने 1993 मध्येच केली होती. आपत्तीनंतर शासनाने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली, मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले, आणि जुन्या शिफारशींना गती आली. तरीही सांताक्रूझ पश्चिमेचे गझदरबंध उदंचन केंद्र कार्यान्वित होण्यास मूळ अहवालापासून सुमारे पाव शतक लागले, आणि मोगरा व माहुल येथील केंद्रे जागेच्या प्रश्नात दीर्घकाळ अडकून पडली. यंत्रांची क्षमता ठरविणाऱ्या आराखड्याने जमिनीचा ताबा कोण, कोणाकडून व केव्हा घेणार हेही त्याच कसोशीने ठरविले असते, तर हा विलंब पुष्कळसा टळला असता.

याउलट, धोरण पायरीपायरीने जमिनीवर कसे उतरते, याचा आश्वासक वस्तुपाठ कांदळवनांच्या बाबतीत मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, त्यांच्यापासून 50 मीटरपर्यंतच्या बांधकामास प्रतिबंध केला आणि त्यांचे उपग्रहाच्या साहाय्याने मानचित्रण करण्याचा हुकूम दिला. नकाशांवरून सर्व्हे क्रमांक निश्चित झाले, सर्व्हे क्रमांकांवरून शासकीय जमिनींच्या अधिसूचना निघाल्या, महसूल खात्याकडील जमिनी वनखात्याकडे सोपविण्याचे काम सुरू झाले, आणि 2012 मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. तिवर आणि चिप्पी यांची झाडी ज्या खाजणात वाढते, तेथे कोणत्या वनरक्षकाने गस्त घालावयाची, भराव आढळल्यास पंचनामा कोणी करावयाचा, आणि तो कोणापुढे ठेवावयाचा, या साध्या प्रश्नांची उत्तरे तेव्हा प्रथम मिळू लागली. 2018 मध्ये त्याच न्यायालयाने कांदळवनांचा विध्वंस म्हणजे नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असा निर्णय दिला. त्या तत्त्वाच्या पाठीशी खात्याची माणसे आणि त्यांच्या नेमून दिलेल्या हद्दी आधीपासून उभ्या होत्या, हे विशेष.

परंतु कामाची वाटणी झाली म्हणजे कार्यसिद्धी झाली, असे मानणे धोक्याचे आहे. नालेसफाई हे महानगरपालिकेचे दरसाल ठरलेले काम. गाळाचा मोठा हिस्सा पावसाळ्यापूर्वी आणि उरलेला पावसाळ्यात व त्यानंतर काढावयाचा, अशी त्याची वेळापत्रके असतात आणि वाहनांच्या खेपांचे वजनही नोंदले जाते. असे असूनही मिठीच्या गाळउपशात सुमारे 65 कोटी रुपयांचा अपहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे 2025 मध्ये गुन्हा नोंदविला. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. मात्र केवळ खेपा आणि वजने मोजणारी तपासणी नदीचे पात्र खरोखर किती खोल झाले, याची ग्वाही देऊ शकत नाही, हे यावरून उघड होते. ज्या कामाचे फलित मोजले जात नाही, त्या कामाची नोंद सहज खोटी होऊ शकते.

महानगरपालिकेने मार्च 2022 मध्ये मुंबई वातावरण कृती आराखडा जाहीर करून 2050 पर्यंत शून्य निव्वळ उत्सर्जनाचे उद्दिष्ट स्वीकारले, आणि 2024 मध्ये आपला पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल प्रसिद्ध केला. दूरच्या ध्येयाला चालू वर्षाच्या जमाखर्चाशी जोडण्याचा हा मार्ग योग्यच आहे. आता तो विभाग कार्यालयांपर्यंत गेला पाहिजे. वाकोला नाल्याच्या प्रत्येक टप्प्यासाठी जबाबदार अधिकारी, मुदत, तरतूद आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजलेली पात्राची खोली, ही माहिती नागरिकांस विनासायास पाहता आली पाहिजे.

संरक्षणाचे धोरण तज्ज्ञांनी लिहावे, हे यथार्थच आहे. परंतु त्याची अंमलबजावणी टिकते ती विचारणा करणाऱ्या लोकांमुळे. म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की आपल्या विभाग कार्यालयाकडे यंदाच्या नालेसफाईचा तपशील मागावा, आणि पावसाळा सरल्यावर त्याचा हिशेबही मागावा.