चौथं नाव

हिंगोलीच्या आमच्या घरात रेडिओ लागला की मामू त्याच्याजवळ येऊन बसत. गाण्याआधी निवेदक तीन नावं सांगायचे : गायक, गीतकार, संगीतकार. मामू दर वेळी विचारायचे, "अन् बजाया कौन?"

मामू बँडपार्टीत साइड ड्रम वाजवत. स्वतःच्या बँडची सुपारी नसली की दुसऱ्या बँडबरोबर जात. दसऱ्याच्या प्रदर्शनात आलेल्या ऑर्केस्ट्राचा माणूस आजारी पडला, तर निरोप मामूंनाच यायचा.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा मिळालं. १९६६चा 'तीसरी मंझिल' तुम्ही पाहिला असेल. त्यात शम्मी कपूर हॉटेलातल्या बँडचा ड्रमर आहे. पडद्यावर हात त्यांचे दिसतात, पण आर. डी. बर्मन यांच्या त्या गाण्यांत ड्रम वाजवले लेस्ली गोदिन्हो यांनी.

अशा माणसाला सेशन वादक म्हणतात. रात्री हॉटेलात आपला बँड, दिवसा स्टुडिओत दुसऱ्याचं गाणं, ही मुंबईची जुनी रीत. गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट स्वतःचा बँड सांभाळून सी. रामचंद्र यांच्याकडे काम करत. १९५१च्या 'अलबेला'त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. कावस लॉर्ड हे त्याच काळातले नामवंत तालवादक. त्यांची मुलं केरसी आणि बुजी हीही पुढे स्टुडिओतच रमली. या घराण्यावर २०१२ साली 'द ह्यूमन फॅक्टर' हा माहितीपट निघाला.

आपल्या बँडात ड्रमरला गाणी पाठ असतात. स्टुडिओत तसं नसे. अरेंजरनं लिहिलेला कागद समोर यायचा आणि थोड्या तालमीनंतर वाजवायचं. गोव्याच्या वादकांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येई, म्हणून त्यांना मागणी. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत. एकाची काठी चुकली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. मेहनताना त्या दिवसाच्या कामाचा. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी त्यात वाटा नाही, आणि तबकडीवर सहसा नावही नाही.

दत्ताराम वाडकरांचं नाव मात्र टिकलं. शंकर-जयकिशन यांचे हे गोव्याचे साहाय्यक. त्यांचा ढोलकीचा ठेका वादकांत 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखला जातो.

पुढे वेगवेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रण सुरू झालं, ड्रम मशीन आलं आणि वादकांचं काम घटलं. पण नावं छापण्याची चालही आली. ए. आर. रहमान यांच्या सीडींवर वादकांची यादी असे. सितारादेवींचे चिरंजीव रणजित बारोट हे मुंबईचे ड्रमर. सिनेमाचं काम करता करता ते जॉन मॅक्लॉफ्लिन या जगप्रसिद्ध गिटारवादकाच्या बँडपर्यंत पोचले.

माझी कविता छापून येते तेव्हा खाली माझं नाव असतं. मामूंनी किती वराती वाजवल्या याची मोजदाद नाही. आज त्यांच्या वादनाची एक फीतही आमच्याकडे नाही.

आता घरात गाणं लागलं की मीच विचारतो, "बजाया कौन?" पोरं मोबाइलवर शोधू लागतात. कधी नाव सापडतं. पुष्कळदा सापडत नाही.