महाडात एक दिवस पायी

महाडला येणारा पाहुणा बहुधा महाड पाहतच नाही. स्टँडवर चहा घ्यावयाचा, घड्याळाकडे पाहावयाचे आणि रायगडाची गाडी धरावयाची, असा त्याचा रिवाज. गड पाहू नये असे आम्ही कसे म्हणू? 1996 पासून तेथे रोपवे आहे, तेव्हा गुडघ्यांचीही सबब उरलेली नाही. परंतु ज्यांना गड चढावयाचा नाही, ज्यांच्याबरोबर मुले अगर वडीलधारी माणसे आहेत आणि हाताशी एक दिवस मोकळा आहे, त्यांना या गावात व गावाभोवती पायी हिंडण्यासारखे पुष्कळ आहे. त्यासाठी पायांत वहाणा, डोक्यावर टोपी अगर पदर आणि बरोबर पाणी असले की झाले.

सकाळ गांधारपाल्याच्या लेण्यांसाठी राखावी, आणि तीही उन्हे चढण्यापूर्वीची. गावापासून थोड्याच अंतरावर, मुंबई-गोवा रस्त्याच्या अगदी कडेला डोंगरात ही सुमारे 30 बौद्ध लेणी आहेत. चढण बेताची आहे. मध्ये दोनदा बसले तर कोणी हसणार नाही. वरच्या ओसरीत पाठ टेकून बसावे म्हणजे खालची शेते, सावित्री आणि तिला येऊन मिळणारी गांधारी यांची मांडणी एका दृष्टीत येते व गाव येथेच का वसले हे न सांगता समजते. नदी बाणकोटच्या समुद्रापासून सुमारे 50 किलोमीटर आत आली, तरी भरतीचा जोर येथवर पोचतो. त्या जोरावर गलबते दासगावपर्यंत आणि लहान होड्या महाडपर्यंत येत. घाटावरचा माल उतरावयाचा तो येथे आणि समुद्रावरचा चढावयाचा तोही येथेच.

लेण्यांत काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचा एक दानलेख आहे. त्याने काय दिले याची त्यात यादीच आहे : लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, दोन बाजूंस पाण्याची दोन टाकी आणि एक वाट. आम्हांला या यादीतील शेवटच्या दोन गोष्टी फार आवडतात. डोंगरावर राहणाऱ्याला आधी पाणी लागते आणि मग वर येण्याजाण्याला वाट लागते, हे त्या कुमाराला ठाऊक होते.

दुपार जेवणात आणि झोपेत जाऊ द्यावी. कोकणातल्या चैत्र-वैशाखात हिंडण्याचा हट्ट धरणारा मनुष्य संध्याकाळी कोणत्याच कामाचा राहत नाही.

उन्हे कलली की चवदार तळ्यावर जावे. तळे गावातच आहे, सभोवार बांधीव काठ आहे, मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. एक फेरी सावकाश मारावयास फारसा वेळ लागत नाही. परंतु ही फेरी घाईने मारू नये. तळ्याच्या काठी यावे आणि ओंजळभर पाणी प्यावे, याहून सोपी गोष्ट ती कोणती? महाडच्या नगरपालिकेने 1924 साली हे तळे सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला होता. तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी आंबेडकर हजारो अस्पृश्य बंधूंसह परिषदेच्या मांडवातून चालत निघाले आणि येथे येऊन पाणी प्याले. लगेच गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. आणि परतणाऱ्यांवर लाठ्या चालल्या. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने ठराव फिरवला, वाद कोर्टात गेला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 रोजी. दहा वर्षे, एका ओंजळीसाठी! ते वीरेश्वराचे देऊळही गावातच आहे. तळ्यावरून तेथवर चालत गेले म्हणजे ही हकीकत पुस्तकात वाचल्यापेक्षा निराळी लागते.

उरलेली संध्याकाळ नदीची. येथे मात्र थोडे बजावून सांगितले पाहिजे. सावित्रीत मगरी आहेत, थोड्याथोडक्या नव्हेत. थंडीच्या सकाळी त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. वसंतात माद्या काठच्या मातीत खड्डे करून अंडी घालतात व त्यांची राखण करतात. लांबून, उंचावरून खुशाल पाहावे. पाण्यात उतरण्याची, मुलांना काठावर एकटे सोडण्याची हौस येथे करू नये. नदीचा दुसरा स्वभाव पावसाळ्यात दिसतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात रस्त्यावरचा जुना दगडी पूल वाहून गेला आणि त्यावरील एस. टी. गाड्या प्रवाशांसह गेल्या. 2021 च्या जुलैत अर्धे अधिक गाव पाण्याखाली होते. कोणत्याही दुकानदाराला विचारा, पाणी कोठवर आले होते ते तो हात उंच करून भिंतीवर दाखवील. जून ते सप्टेंबर या महिन्यांत नदीकाठची फेरी आमच्या मते वर्ज्यच.

ज्यांना आणखी चालावेसे वाटेल त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे दासगावच्या बाजूस जावे. डिसेंबर 1927 मध्ये दुसऱ्या परिषदेसाठी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, खाडीने दासगावला उतरले आणि तेथून महाडपर्यंतचे पाच मैल पायी आले. म्हणजे सुमारे 8 किलोमीटर. आज या वाटेवर मोटारींची वर्दळ फार आहे, म्हणून सगळी वाट चालण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. दासगावपर्यंत गाडीने जावे, भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी, आणि खाडीच्या बाजूस एखादी सावली पाहून बसावे. पाणी समुद्राकडून वर चढू लागते, काठचा चिखल हळूहळू झाकला जातो, बगळे एकेक पाऊल मागे सरतात. बरोबर आणलेली शिदोरी सोडावयास ही वेळ चांगली.