कोंबडी गडग्यापलीकडे जाऊ नये म्हणून

शेजाऱ्याच्या गुरांनी पीक खाल्लं तर १८७१चा गुरे अतिक्रमण कायदा आहे. त्यातल्या यादीत हत्ती-उंटांपासून शेळी-डुकरापर्यंत सगळे आहेत, कोंबडी मात्र नाही. कोंडवाड्यात तिला कोणी घालत नाही, म्हणून भांडण थेट दोन घरांत होतं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं रोप वाफ्यात असताना कोंबडीने केलेलं नुकसान डोळ्यांत भरतं. कोंबडी रोप खाण्यापेक्षा किड्यांसाठी माती उकरते, आणि बोटभर रोपं मुळांसकट उघडी पडतात. वाफ्यावर भाताचा पेंढा पसरला असेल तर त्याखाली तिला उकरायला आणखी जोर येतो.

गडगा उंच करणं हा पहिला उपाय वाटतो, पण गावठी कोंबडी हलकी असते, छातीएवढी भिंत सहज ओलांडते. एकाच पंखाची लांब पिसं कापली की तोल जातो आणि उडणं थांबतं. नवी पिसं येतात तेव्हा पुन्हा कापावी लागतात. अशी कोंबडी कुत्र्या-मुंगसापासून पळणार कशी, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच मला वेळेचा उपाय अधिक पटतो. अंडी बहुतेक दुपारपर्यंत घातली जातात, आणि अंधार पडू लागला की कोंबडी आपणहून खुराड्याकडे वळते. दुपार टळल्यावर सोडली तर ती लांब जात नाही, अंडीही शेजारच्या पेंढ्यात हरवत नाहीत. कोंडून ठेवल्यास दाण्याचा खर्च वाढतो, हे खरं. पण सकाळी कोंडा, कणी आणि खरकटं दिलं तर तो बराच आटोक्यात राहतो. संध्याकाळची मूठभर कणी मात्र खुराड्यातच टाकावी.