वाट्याचं वजन किती?

मालवणच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की वही बंद करून बाजूला उभं राहावं. त्या गडबडीत ‘तुमच्या अपेक्षा काय?’ असं विचारत फिरणारा माणूस फक्त पायांत येतो. सॉफ्टवेअर बनवण्याआधी ते वापरणाऱ्यांची गरज समजून घेणं, हे माझं पोटापाण्याचं काम. आमच्यात तिला रिक्वायरमेंट म्हणतात आणि ती बहुतेक वेळा एसी खोलीत, आयुष्यात कधी मासा न विकलेल्या साहेबांकडून लिहून घेतली जाते.

कागदावरची मागणी सोपी होती. मासे विकणाऱ्या बायकांसाठी हिशेबाचं ॲप. रकाने चार: माशाचं नाव, किलोचा दर, वजन, रक्कम. बाजारात मासे विकणाऱ्या एका काकींच्या शेजारी बसलो आणि मधले दोन रकाने लगेच लंगडे पडले. बांगडे, पेडवे, सुंगटां वाट्यावर, म्हणजे ढीग लावून, जातात. तिथे काट्याचा संबंधच नाही. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की काकी पैसे सोडत नाहीत, मागच्या टोपलीतला एक बांगडा उचलून वाट्यावर टाकतात. शंभराचा वाटा शंभरालाच जातो. सूट दिली, पण ती रकमेत दिसत नाही, माशांत गेली. काळोख पडू लागला, बर्फ संपत आला, की दोन वाट्यांचा एक होतो. इसवण मात्र त्याच पाटीवरून तोलून दिली जाते. हे सगळं मुलाखतीत कधीच आलं नसतं, कारण काकींच्या लेखी त्यात सांगण्यासारखं आहेच काय?

दराबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, “दर माका ठावक आसा. हॉटेलवाल्याचे पैशे कधी गावतले, ता तुझो मोबाईल सांगतलो काय?” चार रकान्यांत उधारीला जागाच नव्हती.

गरज समजून घेण्याचं काम नीट झालेलं बघायचं असेल तर हैदराबादच्या इन्कॉइसची मासेमारीची सूचना वाचावी. १९९९ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहांच्या नोंदींवरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य तपासते आणि मासळी कुठे जमण्याचा संभव आहे ते काढते. पण नौका चालवणाऱ्या तांडेलाला तापमान घेऊन काय करायचंय? म्हणून सूचनेत अक्षांश-रेखांशांबरोबर किनाऱ्यावरच्या ठिकाणाचं नाव, तिथून कोणती दिशा, किती किलोमीटर आणि किती मीटर खोली, एवढंच येतं, तेही मराठीत. अंतरावरून डिझेलचा अंदाज बांधता येतो, खोलीवरून जाळ्याचा. जुनी माणसं खोली वावेत मोजतात. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट, तेवढा हिशेब ती मनातल्या मनात करून मोकळी होतात.

तीच सूचना रापणीवाल्यांच्या मात्र काही उपयोगाची नाही. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर माणसांनी वाळूवरून ओढायचे, अशी ती मासेमारी. त्यांचं लक्ष किनाऱ्याजवळच्या पाण्याच्या रंगावर आणि पक्ष्यांवर. त्यांचा किचकट हिशेब सुरू होतो तो मासळी वर आल्यानंतर: जाळ्याचं किती, होडीचं किती, ओढणाऱ्यांचं किती. तरीही आमच्या दस्तऐवजांत ‘वापरकर्ता: मच्छीमार’ अशी एकच ओळ सापडते. माझ्या हातात असतं तर ती ओळ मी आधी खोडली असती.

वेळेचाही घोळ असतोच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी. तेव्हा माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात, पोटभर बोलतात. पण ज्याबद्दल बोलतात ते काम डोळ्यांसमोर नसतं. हंगामात काम दिसतं, पण बोलायला कुणाला फुरसत नसते. म्हणून वेळापत्रक देताना मी पावसाळ्यातल्या गप्पा आणि ऑक्टोबरातलं नुसतं बघत बसणं, असे दोन्ही दिवस धरतो. क्लाएंट गप्पांचे दिवस मंजूर करतो. बघत बसण्याचे पैसे कसले, असं विचारतो.